पाठकोरा नसलेला कागद

साळवेकाकांचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरात बुकित पंजांगच्या एलआरटीच्या फलाटावर उभी होते. शनिवारची सकाळ होती. शेजारी माझी आठ वर्षांची भाची ईरा, पाठीवर पोहण्याच्या क्लासची पिशवी. काका फोनवर आधी नेहमी "जेवलीस का" विचारतात, वेळ कुठलीही असो. त्या दिवशी नाही विचारलं. म्हणाले, "मुक्ता, एस्तेर गेली. पहाटे. झोपेतच... ईराला तू सांग. शाळेच्या ग्रुपवर कोणीतरी टाकेलच. पोरीला तिथून कळायला नको." मी हो म्हणाले आणि पहिली गाडी सोडली. दुसरीही सोडली. तिसरीत चढलो. आमच्याकडची ही छोटी गाडी इमारतींच्या इतकी जवळून जाते की घरं आली की तिच्या काचा आपोआप धुरकट होतात, कुणाच्या बैठकीत कुणी डोकावू नये म्हणून. काचा पांढऱ्या झाल्या त्या पाऊण मिनिटात मी ईराला सांगितलं, की टीचर एस्तेर आता नाहीत. ती त्या पांढऱ्या काचेकडे बघत राहिली. रडली, पण नंतर. आधी तिने विचारलं, "आत्या, यू सेंट ऑलरेडी ऑर नॉट?"

मी पाठवलं नव्हतं. काय पाठवायचं होतं आणि का पाठवलं नाही, ते सांगायला मी हे लिहिते आहे. बाईंविषयी चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याविषयी खोटं लिहिणारी मी एकटीच, तेव्हा हा लेख माझ्याकडे लागतो.

एस्तेर साळवे या नगर जिल्ह्यातल्या एका पाळकांची मुलगी. ख्रिस्ती मंडळीत देऊळ सांभाळणाऱ्या धर्मगुरूला पाळक म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं. काका जहाजदुरुस्तीतले इंजिनियर. त्यांच्या नोकरीमागे बाई आधी हवाईच्या एका बेटावर अकरा वर्षं राहिल्या, तिथल्या चर्चच्या लहानशा शाळेत पहिली-दुसरीला शिकवत होत्या. मग काकांची बदली सिंगापूरला झाली आणि बाई इथल्या एका चर्चने चालवलेल्या प्राथमिक शाळेत लागल्या. शाळा छोटी, वर्ग चार, मुलं बहुतेक आमच्यासारख्यांची... कामाच्या पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर आलेल्यांची. ईरा त्यांच्या दुसरीच्या वर्गात होती.

ईराला त्या शाळेत घालायला माझा विरोध होता. माझा दादा अभिजित जहाजावर सेकंड इंजिनियर, चार-पाच महिने समुद्रात, मग दोन महिने घरी. घरात वहिनी, ईरा आणि तीन वर्षांपूर्वी इथे नोकरीला आलेली मी. जेवणाच्या टेबलावर मी म्हणाले, आठ वर्षांच्या मुलांना देवाधर्माचे धडे देणं हा त्यांच्या डोक्यावरचा अतिक्रमणाचा प्रकार आहे. वहिनी भात वाढत होती. म्हणाली, "सरकारी शाळेत परदेशी मुलांना जागा उरली नाही. बुकित तिमाहच्या त्या मोठ्या शाळा आपल्या खिशाच्या नाहीत. ही शाळा चार बसस्टॉपवर आहे. पत्रक काढायच्या आधी पर्याय सांग, मुक्ताबाई." दादा हसला. मला पर्याय सांगता आला नाही, पण मत काही बदललं नाही. ते आजही बदललेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. मृत्यूनंतर लिहिताना माणसं मतं मऊ करतात. बाईंना ते आवडलं नसतं.

वहिनी मला पत्रकावरून टोचते त्याला कारण आहे. आम्ही पत्रकांत वाढलो. माझे वडील सांगलीजवळच्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवायचे आणि उरलेला वेळ अंगात येणं, भानामती, बुवांचे अंगारे यांच्याविरुद्ध पत्रकं काढायचे. पिवळ्या, गुलाबी, पातळ कागदाची हँडबिलं. एका बाजूला छपाई, दुसरी बाजू कोरी, कारण दोन्ही बाजूंनी छापली तर शाई पलीकडे उमटायची. वाटून उरलेल्या गठ्ठ्यांवर आमचं घर चालायचं. दादाची बीजगणितं, आईची वाणसामानाची यादी, माझी पहिली कविता, सगळं पत्रकांच्या पाठीवर. पाठकोरा कागद हा आमच्या घरातला सर्वांत मुबलक पदार्थ. छापील बाजूला जे आहे ते सत्य आणि मागच्या बाजूला काही नसतं, हे मी अक्षरं शिकायच्या आधी शिकले असणार.

बाईंची माझी पहिली भेट शाळेच्या फाटकावर झाली. मी ईराला न्यायला गेले होते. चेहऱ्यावर बहिष्कार लिहिलेला असावा, कारण त्यांनी मला थेट मराठीतच विचारलं, "तू आत का येत नाहीस? गेल्या मीटिंगलाही बाहेरच उभी होतीस म्हणे." मी म्हणाले, प्रार्थनेच्या हॉलमध्ये बसणं मला तत्त्वतः मान्य नाही. बाई बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, पायात रबरी चपला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वडील काय करतात?" मी सांगितलं. त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की फाटकावरचा रखवालदारही हसायला लागला. "अगं, मग तू पत्रकवाल्यांची! मीपण पत्रकवाल्यांचीच. आमचे आप्पा दर बाजारच्या दिवशी सायकलवर गठ्ठा बांधून निघायचे, शुभवर्तमानाची पत्रकं वाटायला. लोक त्यांत भजी बांधून न्यायचे." मी म्हणाले, आमच्याही पत्रकांत भजीच बांधायचे. "पण आमची दोन्ही बाजूंनी छापलेली असायची हं," बाई म्हणाल्या. "आप्पा फार चिक्कू. कोरी बाजू दिसली की त्यांना पापच वाटायचं."

मी हसले होते.

त्यानंतर त्या आमच्याकडे येऊ लागल्या. नाताळात डबा भरून करंज्या आणि चकल्या आणल्या. ईरा ओरडली, "दिवाळी केम अगेन!" बाई तिला म्हणाल्या, "पीठ तेच, सण वेगळा." माझ्याशी वाद घालायला त्यांना आवडायचं. मी म्हणायचे, पाप, नरक, तारण हे सगळं मुलांच्या मनावर दहशत बसवायचं सामान आहे. त्या म्हणायच्या, "सामान आहे खरं. कात्रीपण सामानच की. कुणाच्या हातात देतेस त्यावर आहे." मी म्हणायचे, आठ वर्षांच्या पोराच्या हातात कात्री देऊच नये. त्या म्हणायच्या, "मी देते. बोथट टोकाची." ... अशा वादात दादाही पडायचा, घरी असला की. देव न मानणारा दादा त्यांना जहाजाच्या गोष्टी सांगायचा आणि त्या इंजिनरूममधला एकेक बारकावा विचारायच्या. काकांसारखाच माणूस, म्हणायच्या, फक्त हा जरा कमी बोलतो.

एकदा त्यांनी हवाईची गोष्ट सांगितली. तिथे त्या नवीन असताना एका मुलीची आजी वारली. तिथली मुलं आजीला तुतू म्हणतात. त्या मुलीच्या तुतूने कधी चर्चची पायरी चढली नव्हती, ती जुन्या पद्धतीने समुद्राला आणि डोंगराला नमस्कार करायची. मुलीने वर्गात विचारलं, माझी तुतू आता कुठे आहे? "आणि मी शिकवायच्या पुस्तकात न मानणाऱ्यांविषयी जे होतं ते सांगितलं," बाई म्हणाल्या. "घोकलेलं. पटकन. मला वाटलं, बाई झाले म्हणजे उत्तर यायलाच पाहिजे." ती मुलगी नंतर कित्येक दिवस वर्गात बोलली नाही. मग एके सकाळी तिचे आजोबा आले. शाळेच्या पायरीवर मुलांच्या चपलांची ओळ होती, तिच्या शेजारी बसले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की असं काही सांगायचं असेल तर आधी आम्हाला लिहून द्या. आम्ही घरी वाचू, आमच्या शब्दांत सांगू, आणि आमचंही त्याच्याखाली लिहू.

तेव्हापासून बाईंची एक पद्धत पडली आणि ती त्यांनी सिंगापूरला आणली. गुरुवारी प्रश्नांचा तास. मुलांनी प्रश्नच लिहायचा असं नाही. "डोक्यात जे बसून राहिलंय ते" कागदाच्या पुढच्या बाजूला लिहायचं. कितीही वेडंवाकडं असो, लिहिलं म्हणून सोनेरी चांदणी मिळायची. बाई मागच्या बाजूला उत्तर लिहायच्या, पण मुलाला नाही सांगायच्या. कागद घरी जायचा. घरातल्या मोठ्या माणसाने तो उलटायचा, मुलाला वाचून दाखवायचा आणि खाली सोडलेल्या जागेत स्वतःचं काय ते लिहायचं. मराठी मुलांच्या कागदावर बाई मराठीत लिहायच्या, म्हणजे मुलाला मोठ्यांकडे जावंच लागे. वर्षाच्या पहिल्या मीटिंगमध्ये त्यांनी हे सगळ्या पालकांना समजावलं होतं. त्या मीटिंगला आत वहिनी होती. मी बाहेर फाटकावर, तत्त्वाला धरून उभी. आजोबांची गोष्ट त्यांनी मला पुढे सांगितली खरी, पण मागच्या बाजूचं काही बोलल्या नाहीत. आमच्या घरात ते माहीतच आहे असं त्या धरून चालल्या होत्या.

मग तो महिना आला. दादा जहाजावर होता, तिकडचा समुद्र खवळलेला होता. वहिनीच्या आईचं ऑपरेशन ठरलं म्हणून ती तीन आठवड्यांसाठी कराडला गेली. जाताना फ्रिजवर कागद लावून गेली, डबा, औषधं, पोहण्याचे कपडे, सगळं. गुरुवारचं लिहायचं राहिलं. घरात ईरा आणि मी. ईराला एक सवय लागली होती. जहाजं दाखवणारं एक ॲप आहे, त्यात ती बाबाच्या जहाजाचा ठिपका बघत बसायची. ठिपका हलला नाही की जेवायची नाही.

त्या गुरुवारी तिने एक कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आत्या, धिस वन यू मस्ट रीड." तिच्या अक्षरात, इंग्रजीत लिहिलं होतं. मराठीत सांगायचं तर असं: जे येशूची प्रार्थना करत नाहीत ते आगीत जातात. माझा बाबा प्रार्थना करत नाही. त्याचं जहाज बुडालं तर तो आगीत जाईल. खाली ईराचं नाव, टीचर एस्तेरचं नाव, आणि एक सोनेरी चांदणी.

मी ईराला जवळ घेतलं, म्हणाले, हे सगळं खोटं आहे, आग वगैरे काही नसते, बाबाला काही होणार नाही. ती मान हलवत म्हणाली, "नो, आत्या, बट यू रीड..." आणि मी तिला पुढे बोलू दिलं नाही. मी चिडले होते, आणि चिडल्यावर आमच्या घरात काय करतात ते मला ठाऊक होतं. कागदाचा फोटो काढला. मूळ कागद पुरावा म्हणून प्लास्टिकच्या फाइलमध्ये घातला. तासाभरात पत्रक लिहून झालं. वर मथळा, 'नरकाला सोनेरी चांदणी'. त्यात लिहिलं की ज्या शाळेत आठ वर्षांच्या मुलीला तिचा बाप जळणार असं शिकवतात आणि ते उतरवून काढलं म्हणून बक्षीस देतात, तिथे आपली मुलं पाठवणाऱ्यांनी आपल्याला काय हवंय याचा विचार करावा. बाईंचं नाव घातलं. वर्गातल्या सगळ्या पालकांना आणि मुख्याध्यापिकांना पाठवून दिलं. फार चांगलं लिहिलं होतं. हे सांगायला लाज वाटते, पण मला तेव्हा तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवसापर्यंत पालकांचे निरोपांवर निरोप आले. या देशात धर्माच्या गोष्टीला ठिणगी लागू नये म्हणून सगळे जपून असतात. शाळेने लगेच प्रश्नांचा तास बंद केला, चौकशी होईपर्यंत. बाईंचे मला दोन फोन आले. मी उचलले नाहीत. वडिलांचा नियम होता, पत्रक काढल्यावर खासगीत तडजोड करायची नाही. ईरा त्या दिवसांत माझ्याकडे बघत राहायची. जेवताना, झोपताना, लिफ्टमध्ये. मला वाटायचं, पोर घाबरली आहे. पोर वाट बघत होती.

नऊ दिवसांनी शनिवारी मी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांवर, नाश्त्याला गेले तर माझ्या नेहमीच्या टेबलावर बाई बसल्या होत्या. पुढे कॉफीचे दोन कप. "बस," म्हणाल्या. "तुझी थंड होतेय. फोन घेत नाहीस म्हणून पहारा द्यावा लागला, या वयात." मी बसले, पण मान ताठ. त्या म्हणाल्या, "पत्रक वाचलं. जोरदार आहे. आप्पांना आवडलं असतं, त्यांना कुणीही कुणाला झोडलेलं आवडायचं." मग कप खाली ठेवला. "मुक्ता, तू कागद उलटलास का?"

"कुठला कागद?"

"ईराचा."

मला प्रश्नच कळला नाही. मागे काय असणार? बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं, माझ्या आधी कळलं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून ओढणीने पुसला आणि हळू म्हणाल्या, "अगं बाई... म्हणजे नऊ दिवस त्या पोरीला कुणी वाचूनच दाखवलं नाही?"

हे कळल्यावर स्वतःवर झालेल्या आरोपाबद्दल त्यांनी एक शब्दही काढला नाही. मी ते पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं आहे. पहिलं वाक्य ईराविषयी होतं.

मी धावत घरी गेले. फाइल उघडली. मागची बाजू वरपासून अर्ध्यापर्यंत भरलेली, निळ्या पेनने, शाळामास्तरांच्या वळणाच्या मराठीत. ते इथे जसंच्या तसं देते.

"प्रिय ईरा, ही गोष्ट तुला बसमध्ये एका मुलीने सांगितली, हे तू मला सांगितलंस ते बरं केलंस. मी तिच्याशीही बोलेन. मेल्यावर कोण कुठे जातं ते ठरवायचं काम मला दिलेलं नाही. त्या मुलीलाही दिलेलं नाही. माझा देवावर विश्वास आहे. तो तुझ्या बाबाला आगीत टाकणारा असता तर मी त्याची प्रार्थना केली नसती. आता, जहाज बुडू नये म्हणून बाबा रोज काय काय तपासतो ते मला नीट माहीत नाही. ते तुझ्या घरी माहीत आहे. म्हणून खाली जागा सोडते आहे. मुक्ता, इथून पुढे तू लिही."

आणि खाली अर्धा कागद कोरा.

मी ईराला ते वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "सो लाँग यू नेव्हर रीड, आह? आय टोल्ड यू." आणि पोटभर जेवली. खालच्या जागेत काय लिहायचं तिने विचारलं. मी म्हणाले, बाबाला विचारून लिहू. ते राहिलं.

मी फोन केला तेव्हा बाईंनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "माफीबिफी नको. जसं पत्रक सगळ्यांना पाठवलंस तशी ही मागची बाजू पाठव. मी मुख्याध्यापिकेला सांगितलंय, उत्तर लिहिलेलं आहे, कागद घरी आहे, घरचे दाखवतील. माझ्या तोंडाने वाचला तर तो बचाव होतो. तुझ्याकडून आला की तास पुन्हा सुरू करतील." मी लगेच पाठवते म्हणाले.

नाही पाठवला. कारणं होती, आणि सगळी भित्री होती. माझ्या पासचं नूतनीकरण तेव्हाच जवळ आलं होतं. एका शिक्षिकेवर, एका धर्माच्या शाळेवर चुकीचा आरोप केला, असं परदेशी बाईने स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं, आणि तेही या देशात? ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, "शांत राहा. विसरतील सगळे." मी मसुदा केला, पुसला, पुन्हा केला. प्रत्येक मसुद्यात कुठेतरी 'गैरसमज' असा शब्द यायचा. आमच्या वडिलांनी बुवांच्या खुलाशांतला तो शब्द लाल पेनने अधोरेखित केलेला मी लहानपणापासून पाहिला आहे. वहिनी परत आली तेव्हा तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पत्रक एका तासात लिहिलंस. याला किती दिवस देऊ?" मी तिच्यावर ओरडले. गुरुवारचं सांगायचं तूच विसरलीस, असंही म्हणाले. ती रडली. तेही माझ्याच खात्यावर.

मग कळलं की बाईंच्या पोटात बरेच महिने दुखत होतं आणि ते दुखणं साधं नव्हतं. त्यांनी शाळा सोडली. मी आणि ईरा भेटायला गेलो तेव्हा त्या खिडकीपाशी सोफ्यावर होत्या, चष्मा आता चेहऱ्याला मोठा झालेला. ईराला त्यांनी आधी बाबाचं जहाज कुठे आहे विचारलं. ईराने फोनवर ठिपका दाखवला. मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, "पाठवलंस का गं?"

"या आठवड्यात पाठवते, बाई. नक्की."

त्या हसल्या. "आमच्या नगरचा प्रेसवाला आप्पांना असंच म्हणायचा. या आठवड्यात नक्की. नाताळची पत्रकं ईस्टरला मिळायची."

तीच शेवटची भेट. ईरा तेव्हा तिथेच उभी होती, म्हणून तर तिने त्या पांढऱ्या काचेसमोर मला तो प्रश्न विचारला.

अंत्यविधीला मी पहिल्यांदा प्रार्थनेच्या हॉलमध्ये बसले. मागच्या बाकावर. मराठी गीत झालं तेव्हा काका गायले नाहीत, नुसते पुस्तक धरून उभे होते. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हणाले, काका, माझ्यामुळे... त्यांनी मला पुरं करू दिलं नाही. "उगीच स्वतःला मोठं करू नकोस. तिचं दुखणं तुझ्या पत्रकाच्या आधीचं आहे. पत्रकाने ती गेली नाही." मग म्हणाले, "पण प्रश्नांचा तास तुझ्या पत्रकानेच गेला. तो गेला ते तिला लागलं होतं. हे खोटं कशाला बोलू?"

त्या वाक्यासाठी मी काकांची ऋणी आहे. त्याने झोप उडाली, पण पाय जमिनीला लागले.

त्यानंतर सहा आठवडे झाले. मागच्या आठवड्यात मी शाळेला लिहून दिलं. 'गैरसमज' शब्द नाही. मी कागद उलटला नाही, मी एका शिक्षिकेवर खोटा आरोप केला, कळल्यावरही चार महिने गप्प बसले, असं सरळ लिहिलं. लहान मुलांना शाळेत धर्म शिकवायला माझा विरोध आहे, हेही लिहिलं, आणि तरी हा एक तास सुरू राहावा अशी माझी मागणी आहे, हेही. यात विसंगती आहे असं कुणाला वाटलं तर वाटो. पासच्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. प्रत्येक ईमेलच्या आवाजाला हातातलं काम टाकून मी फोन बघते. शाळेचंही उत्तर नाही. बाईंच्या स्मरणसभेनंतर समिती ठरवेल म्हणतात. स्मरणसभा उद्या आहे. मुख्याध्यापिकेला विचारून काकांनी परवानगी काढली आहे, येणाऱ्या पालकांसाठी दाराशी प्रती ठेवायची.

म्हणून काल संध्याकाळी मी ते छापून आणलं. आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी. पुढे माझं लिहिणं, मागे बाईंचा कागद, त्यांच्याच अक्षरात, इंग्रजी अर्थासह. खालची जागा आता कोरी नाही. दादाने जहाजावरून सांगितलं, ईराने ऐकलं आणि मी लिहून घेतलं: बाबा रोज तळातलं पाणी बघतो, पंप चालवून बघतो, दारांचे रबर चाचपतो, लाइफबोटीचं इंजिन दर आठवड्याला सुरू करून बघतो, आणि वादळ असलं की जहाज त्याला वळसा घालून जातं. मूळ कागद फ्रिजवर लावला आहे, मागची बाजू वर करून.

प्रतींचा गठ्ठा टेबलावर होता. ईराने वरची एक प्रत घेतली आणि वाचायच्या आधी उलटली. ही तिची आता सवयच झाली आहे. दुकानाची जाहिरात असो, डॉक्टरची चिठ्ठी असो, आधी मागची बाजू. बाईंचं अक्षर बघून तिने त्यावरून बोट फिरवलं. मग पुन्हा पुढची बाजू वर करून प्रत गठ्ठ्यावर ठेवली.

"आत्या, ते लोक टर्न नाही केले तर?"

ती उठली, दप्तरातून लाल स्केचपेन घेऊन आली, खुर्चीवर गुडघे टेकून बसली आणि पहिल्या प्रतीच्या खालच्या कोपऱ्यात मागे वळणारा एक मोठा बाण काढला. मग दुसऱ्या प्रतीवर. मग तिसऱ्या. वहिनीने जेवायला हाक मारली तरी उठली नाही. मी दुसरं स्केचपेन शोधलं आणि गठ्ठ्यातल्या सगळ्यात खालच्या प्रतीपासून सुरुवात केली.